रॅम वाढवली, पण पीसी सुरूच होईना

प्रश्न : माझ्या जुन्या पीसीत जी-४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी डीडीआर-३ रॅम आहे. ४ जीबीची नवी स्टिक लावली की स्क्रीन काळी राहते आणि बीप वाजत राहतात. तीच स्टिक शेजाऱ्यांच्या नव्या पीसीवर व्यवस्थित चालते. मदरबोर्ड गेला का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जुन्या रॅमवर पीसी सुरू होत असेल तर बोर्ड टाकून देऊ नका. आधी साध्या गोष्टी तपासा. प्लग काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, स्टिकचे सोनेरी पॉइंट खोडरबराने हलक्या हाताने पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा. मग नवी स्टिक एकटीच, क्लिप टक् करून बसेपर्यंत दाबून लावा. एवढ्याने भागलं नाही, तर स्टिकवरच्या काळ्या चिप मोजा.

बहुधा त्या आठच भरतील. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. आठ चिपमध्ये ते बसवायचे तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची लागते. जी-४१ ला, म्हणजे तुमच्या बोर्डावर रॅम हाताळणाऱ्या चिपसेटला, २ गिगाबिटपर्यंतचीच चिप वाचता येते. म्हणून काही बोर्ड बीप देतात, तर काही निम्मीच रॅम दाखवतात. तुम्हाला दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे सोळा चिप असलेली स्टिक हवी. तिच्या लेबलवर बहुधा ‘२आर×८’ (2Rx8) असं छापलेलं असतं, म्हणजे चिपचे दोन गट आणि प्रत्येक चिप ८ बिटची. नुसत्या सोळा चिप पाहून मात्र पैसे देऊ नका. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिकवरही सोळा चिप असतात, पण त्या ×४ प्रकारच्या, म्हणजे ८ ऐवजी ४ बिटच्या. इंटेलच्या या बोर्डावर त्या चालत नाहीत. दुकानदार वेग १३३३ की १६०० विचारेल, त्याने फारसा फरक पडत नाही. स्टिक बोर्डाच्या वेगावर उतरून चालते. बदलून घेण्याची अट बिलावर लिहून घ्या, जुन्या रॅमच्या खरेदीत हे फार महत्त्वाचं आहे.

स्टिक चालली की रॅम तपासणारा मेमटेस्ट-८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही एरर आली तर प्रत्येक स्टिक वेगळी तपासा. एकेकटी चालते आणि दोन्ही लावल्यावर एरर येते, असं झालं तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिफॉल्ट सेटिंग लोड करा आणि दुसरा स्लॉटही एकच स्टिक लावून पाहा.

प्रश्न : ४ जीबी लावूनही विंडोज ७ मध्ये ३.२५ जीबीच वापरता येते असं दिसतं. – एक वाचक, लातूर

उत्तर : तुमची विंडोज ३२-बिट असणार. तिच्यात ४ जीबीपर्यंतचेच पत्ते असतात आणि त्यातले काही ग्राफिक्स व इतर हार्डवेअरसाठी राखले जातात. रॅम बदलून उपयोग नाही, ६४-बिट विंडोज टाका. ६४-बिटवरही कमीच दिसली तर ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूट टॅबच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वरची खूण काढा आणि बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ चालू करा.