साइट झटपट उघडते, पण वर्डप्रेसचा अ‍ॅडमिन डॅशबोर्ड फार रखडतो. काय तपासू?

होस्टिंग बदलण्याआधी क्वेरी मॉनिटर हे मोफत प्लगिन टाका, कारण दोष बहुधा एखाद्या प्लगिनचा किंवा फुगलेल्या ऑप्शन्स टेबलचा (डेटाबेसमधला सेटिंग्ज साठवणारा तक्ता) निघतो. वाचकांना कॅशमधलं तयार पान मिळतं. लॉगिन केलेल्याला मात्र प्रत्येक क्लिकला पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि डेटाबेसचं काम नव्याने होतं, म्हणून साइट बाहेरून पळते आणि आत अडखळते. प्लगिन सुरू केलं की वरच्या पट्टीत पानाला लागलेला वेळ, मेमरी आणि क्वेरींची (डेटाबेसकडे केलेल्या मागण्यांची) संख्या दिसते. त्यावर क्लिक करून आधी ‘एचटीटीपी एपीआय कॉल्स’ बघा. ही जागा बरेच जण तपासतच नाहीत! परवाना किंवा अपडेट तपासायला बाहेरच्या सर्व्हरकडे गेलेली विनंती अडकली, तर अख्खं पान तिच्यासाठी थांबतं. अशा विनंतीची वाट पाहण्याची वर्डप्रेसची मूळ मुदतच ५ सेकंदांची आहे. मग कोणतं प्लगिन किती क्वेरी करतंय ते पाहा. तिथेही काही सापडलं नाही तर ‘टूल्स’ मेनूतलं ‘साइट हेल्थ’ उघडा. वर्डप्रेस ६.६ पासून ऑटोलोड होणारा, म्हणजे प्रत्येक पानासोबत आपोआप लोड होणारा, ऑप्शन्स टेबलमधला डेटा ८०० केबीच्या वर गेला की तिथे इशारा येतो. काढून टाकलेल्या प्लगिनच्या नोंदी बऱ्याचदा मागे राहतात आणि प्रत्येक पानासोबत लोड होत राहतात. त्या जरूर काढा, पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. साइटच्या चाचणी प्रतीवर सगळी प्लगिन बंद करूनही डॅशबोर्ड तसाच रखडला, तर मात्र जुनी पीएचपी आवृत्ती किंवा होस्टिंगच कारण असू शकतं.