दार नसलेल्या जिन्याची डागडुजी

प्रश्न : माझा एक मित्र रस्त्याने जाताना मध्येच थांबतो, नळाच्या तोटीत दिसणारा चेहरा किंवा कोठेच न पोहोचणाऱ्या पायऱ्या दाखवतो आणि मनमुराद हसतो. त्याच रस्त्याने मीही रोज जातो, पण मला त्यात गंमत दिसत नाही. ही नजर उपजतच असावी लागते, की कमावता येते? शिवाय, असे हसणे म्हणजे कोणाच्या तरी अज्ञानाची थट्टा नव्हे काय?

उत्तर : नजर कमावता येते, मात्र तिची सुरुवात चेहऱ्यांपासून करू नये, असे आमचे मत आहे. दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ एवढ्या आधारावर मेंदू चेहरा जुळवतो, त्यामुळे तो कोणालाही दिसतो आणि ते हसू लवकर शिळे होते. वस्तू ज्या कामासाठी उभी केली गेली आणि आज ती प्रत्यक्षात जे करते आहे, त्या दोहोंतील विसंगतीत अधिक टिकाऊ विनोद सापडतो.

जपानी कलावंत अकासेगावा गेनपेई यांना १९७२ मध्ये टोकियोच्या योत्सुया भागात एका इमारतीच्या भिंतीला लागून असलेला जिना दिसला. पायऱ्या चढून वर जावे तर तेथे दार नाही, त्यामुळे पुन्हा खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही. एवढ्यावर तो जिना केवळ विचित्र ठरला असता. पण त्याच्या कठड्याची कोणीतरी डागडुजीही केली होती, आणि निरुपयोगी वस्तूची ही निष्ठापूर्वक निगा हाच त्यातील खरा विनोद होय. अशा वास्तु-अवशेषांना अकासेगावांनी पुढे ‘टोमासन’ म्हटले. गॅरी थॉमासन हा अमेरिकन बेसबॉलपटू जपानी संघात मोठ्या मानधनावर आला, पण तेथे त्याची बॅट फारशी चालली नाही, म्हणून हे नाव. (त्या खेळाडूवर हा थोडा अन्यायच झाला.) १९८६ मध्ये अकासेगावांनी समविचारी मित्रांसह रस्त्यांवरील अशा गोष्टींच्या निरीक्षणासाठी एक मंडळही स्थापन केले.

आपणही चालताना ‘हे विचित्र आहे का?’ असे न विचारता ‘याला काय साधायचे होते?’ असे विचारून पाहावे. मग कुंपण नाहीसे झाल्यावरही इमानाने कुलूप मिरवणारे फाटक दिसेल, किंवा ‘हिरवळीवरून चालू नये’ या पाटीच्या पायाशीच शेकडो पावलांनी पाडलेली तिरपी पायवाट दिसेल.

थट्टेविषयीची आपली शंका रास्त आहे. पाटीवरील अशुद्धलेखनावर हसणे आम्हाला हलके वाटते, कारण तेथे हसू वस्तूवरून घसरून थेट रंगाऱ्याच्या शिक्षणावर जाते. याउलट स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातील ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा १८४४ चा अश्वारूढ पुतळा पाहावा. त्याच्या डोक्यावर नागरिक कित्येक दशके वाहतुकीचा शंकू (ट्रॅफिक कोन) चढवत आले आहेत. प्रशासन तो काढते, आणि थोड्याच काळात दुसरा शंकू चढतो. यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये चौथराच उंच करण्याची ६५,००० पौंडांची योजना पुढे आली, पण लोकांच्या विरोधामुळे ती गुंडाळावी लागली. येथे हसू सत्तेच्या गांभीर्यावर आहे, आणि गांभीर्याला ते सोसण्याइतके बळ असते.

मित्राप्रमाणे छायाचित्रे काढणार असाल, तर फाटक टिपताना दोन्ही बाजूंची मोकळी जागाही चौकटीत घ्यावी. नाहीतर पाहणाऱ्याला केवळ कुलूप दिसेल.