नावात 'अरेबिका' असलं तरी बाभळीचा डिंक गम अरेबिक नव्हे

प्रश्न असा आहे की बाभळीचं जुनं शास्त्रीय नाव अकेशिया अरेबिका, मग गम अरेबिक, म्हणजे खाद्यपदार्थांत घालतात तो डिंक, तिचाच ना? नाही. हा गोंधळ नावानेच घातलाय. गम अरेबिकचा मुख्य स्रोत सेनेगालिया सेनेगल हे झाड, म्हणजे राजस्थानातला कुमट आणि सुदानातला हशाब. खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या जोडीला सेयाल बाभूळ येते. आपली बाभूळ, आताची व्हॅचेलिया निलोटिका, त्यात नाही. (२००५च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडात अजून अकेशियाच येतं.)

झाड समोर असेल तर आधी काटे बघा. बाभळीचे काटे सरळ, पांढरट आणि जोडीने असतात. कुमटाचे तीन, आखूड आणि वाकडे. मधला खाली वळलेला, कडेचे दोन वर. बाभळीला पिवळे गोल गेंद, कुमटाला पांढरट तुरे. शेंगेवरून तर चूक होणारच नाही: बाभळीची मण्यांच्या माळेसारखी, कुमटाची चपटी आणि पातळ.

डिंक मात्र नुसता पाहून ओळखणं अवघड. कुमटाचा डिंक म्हणजे अरेबिक आम्लाचे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम क्षार. त्यात गॅलॅक्टोज, अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज या साखरा आणि ग्लुकुरोनिक आम्ल असतं. बाभळीच्या डिंकात ऱ्हॅम्नोज नगण्य, अरॅबिनोज भरपूर. म्हणूनच कुमटाचा डिंक ध्रुवित प्रकाशाला (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाला) डावीकडे वळवतो (साधारण उणे २६ ते उणे ३४ अंश) आणि बाभळीचा उजवीकडे. माझ्या मते यापेक्षा खात्रीची सोपी चाचणी नाही, फक्त हे वळण मोजणारं उपकरण, पोलॅरिमीटर, हवं. कुमटाच्या डिंकात २ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. साखरेच्या साखळ्यांना जोडलेलं हे प्रथिन तेलाच्या थेंबाला धरून ठेवतं, म्हणून शीतपेयांतलं सुगंधी तेल वर तरंगत नाही.

पोलॅरिमीटर नसेल तर डिंकाच्या द्रावणात फेरिक क्लोराइड या लोहक्षाराचा थेंब टाका. काळपट झालं तर टॅनिन (झाडांतलं तुरट द्रव्य) आहे आणि संशय बाभळीवर जातो, कारण तिच्या सालीत टॅनिन इतकं की कातडी कमावायला ती वापरतात. कुमटाचा डिंक टॅनिनमुक्त असतो.

आणि तुमचा डिंकाचा दाणा रात्रभर पाण्यात राहून विरघळण्याऐवजी फुगून बुळबुळीत गोळा झाला असेल, तर तो या दोघांपैकी कुणाचाच नाही. कांडोळ या वेगळ्याच झाडाचा डिंक तसा फुगतो.