दोन जोडण्यांचा मेल सर्व्हर

प्रश्न : फोंड्यातील आमच्या कार्यालयात लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम चालतो आणि सर्व्हरला दोन कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या आहेत. काही मेल पोहोचतात, तर काही नाकारले जाऊन परत येतात. रिलेच्या, म्हणजे मेल पुढे पाठवू देण्याच्या, सेटिंगमध्ये चूक असेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : रिलेची परवानगी नसती, तर नकार आपल्याच सर्व्हरने दिला असता. येथे तो समोरचा सर्व्हर देत आहे, म्हणून परत आलेल्या मेलमधील मजकूर आधी वाचावा. मेल कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. तो दुसऱ्या जोडणीचा निघाला आणि आपल्या एसपीएफ नोंदीत (आपल्या डोमेनचे मेल कोणत्या पत्त्यांवरून पाठवता येतात, ती यादी) नसला किंवा त्याची उलटी डीएनएस नोंद (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) नसली, तर कारण सापडलेच म्हणून समजा.

पोस्टफिक्सला बाहेर जाण्याचा पत्ता बांधून देता येतो. मात्र तेवढ्याने भागत नाही. लिनक्स सहसा डेटाच्या पाकिटाची (पॅकेटची) वाट ते कुठे जायचे यावरून ठरवते, कुठून निघाले यावरून नव्हे. त्यामुळे पहिल्या जोडणीचा पत्ता असलेले पाकीट दुसरीतून बाहेर पडू शकते आणि ती कंपनी ते परके म्हणून बहुधा टाकून देते. यासाठी ‘आयपी रूल’ आज्ञेने प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र मार्गसारणी (वाट ठरवणारा तक्ता) जोडावी.

पावसाळ्यात झाड पडून केबल तुटण्याचा अनुभव गोव्यात नवा नाही, तेव्हा दुसरी जोडणी काढून टाकू नये. तिच्याही पत्त्याची एसपीएफ व उलटी नोंद करून घ्यावी. उलटी नोंद सामान्यतः जोडणी देणारी कंपनीच करून देते.