पुण्याच्या सुट्टीत मुलांची बाजू घेताना

परदेशातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोथरूड आणि सहकारनगरातील घरे नातवंडांनी भरतात. सुट्टी संपवून परतलेल्या अनेक पालकांची नंतर एकच तक्रार असते: मूल मराठीत बोलेनासे झाले आहे आणि पुण्याचे नाव काढले तरी विषय बदलते. माझ्या मते अशा वेळी मराठीच्या शिकवणीचा विचार बाजूला ठेवून, सुट्टीत मुलाच्या आत्मसन्मानाला कुठे धक्का लागला, हे आधी पाहावे.

पंगतीत नऊ वर्षांची मुलगी म्हणते, “आजी, मला अजून एक पोळी हवा.” काका ते वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतात, आत्या मोबाइल पुढे करते, आणि सगळे अगदी प्रेमाने हसतात. मुलगी आईकडे पाहते, तर आईही हसत असते. दुसऱ्या दिवसापासून ती पोळी खुणेने मागते. इथे पाहुण्यांच्या हसण्यापेक्षा आईचे हसणे अधिक लागलेले असते, कारण त्या घरात तिची हक्काची बाजू घेणारी आईच असते. “आई, तिला पोळी हवी आहे हे कळलं ना, वाढा तिला,” एवढे वाक्य हसतमुखाने, पण सर्वांदेखत बोलावे. मागाहून खोलीत नेऊन समजूत घातली, तर झालेला अपमान मुलाच्या लेखी तसाच राहतो. सासरी असे बोलणे जड जाते, हे मान्य. म्हणून निघण्यापूर्वीच नवऱ्याने आपल्या आईवडिलांशी फोनवर बोलून घ्यावे.

याची भरपाई म्हणून परत गेल्यावर “तू किती हुशार आहेस” असा धोशा लावण्याचाही उपयोग नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेली पाचवीची मुले अपयशानंतर लवकर खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले चिकाटीने टिकून राहिली. आत्मसन्मान मोजण्याची १० विधानांची प्रसिद्ध प्रश्नावली १९६५ मध्ये मांडणारे मॉरिस रोझेनबर्ग यांच्या मते तर निकोप आत्मसन्मान असलेल्या माणसाला आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत असे वाटण्याची गरजच नसते. आपण पुरेसे चांगले आहोत, एवढे त्याला वाटते. आपल्याकडे मात्र चुलतभावाचे स्कॉलरशिपचे गुण विचारल्याशिवाय कौतुक पुरे होत नाही! तेव्हा “आजोबांना तू पत्त्यांचा नवा डाव नीट समजावून दिलास” असे नेमके, घडलेले तेवढेच बोलावे.

पालकांनी स्वतःविषयी काय बोलावे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारे, इथली नोकरी सोडून गेलेल्या आईला लग्नकार्यात कोणी “तू तिकडे काय करतेस?” असे विचारले आणि ती “मी काय, घरीच असते” म्हणाली, तर शेजारी उभे असलेले मूल त्यातून आईची किंमत ठरवते आणि स्वतःची किंमत कशी करायची, हेही शिकते. कामाचा परवाना नाही, सध्या घर आणि मुलांची शाळा सांभाळते, असे सरळ उत्तर द्यावे.

परतल्यावरही मूल कित्येक आठवडे मित्रांना टाळत असेल, झोप आणि खाणे बिघडले असेल किंवा “मी वाईटच आहे” असे वारंवार म्हणत असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता शाळेतील समुपदेशकाची वेळ घ्यावी आणि पुण्यातील प्रसंगही त्यांना सांगावेत.