यूट्यूबची लिंक संदर्भ म्हणून चालते का?

प्रश्न: मी संगीतात एमए करतेय, प्रबंध जुन्या नाट्यपदांच्या रेकॉर्ड्सवर आहे. बरीचशी पदं यूट्यूबवरच ऐकलीत. तळटीपेत नुसती लिंक दिली की गाईड ओरडतात. मग लिहू काय?

उत्तर: ओरडणारच ना! लिंक उद्या उडाली की तुमचा पुरावाच गेला, आणि वर दिसते ती तारीख अपलोडची, गाणं रेकॉर्ड झाल्याची नाही. तुम्ही ऐकताय ती मुळात ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, म्हणून गायक-गायिका, पदाचे पहिले शब्द, नाटक, रेकॉर्ड कंपनी आणि लेबलवरचा कॅटलॉग नंबर हे सगळं लिहा, आणि जमलं तर मॅट्रिक्स नंबरही, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाच्या मूळ साच्याचा नंबर. तो लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला असतो, तबकडी जरा तिरकी धरली की दिसतो. तीच रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणताना कॅटलॉग नंबर बदलू शकतो, त्यामुळे मॅट्रिक्सवाला जास्त भरवशाचा. लिंक शेवटी द्या, कधी पाहिली ती तारीख टाकून. साल पक्कं माहीत नसेल तर अंदाजे ठोकून देऊ नका, सरळ 'साल उपलब्ध नाही' लिहा.

आणि हो, रागांच्या बंदिशी स्वरलिपीत देणारी संगीतशास्त्रकार भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका वापरत असाल तर मूळ मराठी की हिंदी अनुवाद, कितवा भाग, कुठली आवृत्ती हे लिहाच, पानं जुळत नाहीत. संग्रहालयातली हस्तलिखित वही असेल तर दाखल क्रमांक (संग्रहात नोंद करताना दिलेला नंबर) तिथेच टिपून घ्या, नंतर फोनवर कोणी शोधून देत नाही.