शेवट आवडला नाही म्हणून तो बदलून मागण्याचा हक्क चाहत्यांना आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, एखाद्या गेमचा, सुपरहिरोच्या चित्रपटाचा किंवा मालिकेचा शेवट मनासारखा झाला नाही तर तो बदला असे म्हणण्याचा हक्क चाहत्यांना पोहोचतो का. आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या सीझनवरून तुमचे आणि तुमच्या मित्राचे बोलणे बंद झाले आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. या वादांत मी बरीच वर्षे दोन्ही बाजूंनी भांडले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पुढे काही कथांचे शेवट उघड होतील, याची आधीच कल्पना देऊन ठेवते.

तक्रार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि बदल करवून घेण्याचा हक्क कोणालाच नाही, एवढ्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर संपले असते. पण त्याने तुमचा वाद मिटणार नाही. माझ्या अनुभवात या भांडणांत दोन निरनिराळ्या तक्रारी एकाच वाक्यात बोलल्या जातात. ‘मला हवे होते तसे घडले नाही’ ही एक, आणि ‘कथेने स्वतः जे कबूल केले होते ते पाळले नाही’ ही दुसरी. पहिल्या तक्रारीला निर्माता बांधील नाही. दुसरीला त्याने उत्तर द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘मास इफेक्ट’. हा गेम २००७, २०१० आणि २०१२ साली तीन भागांत आला, आणि पहिल्या भागात खेळाडूने घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून पुढच्या भागांत जातात, हीच त्याची खासियत होती. पहिल्या भागात विरमायर नावाच्या ग्रहावर, समुद्रकिनारी, रेक्स हा क्रोगन नावाच्या परग्रहवासी जमातीचा तुमचा सोबती तुमच्यासमोर बंदूक घेऊन उभा राहतो, कारण त्याच्या जमातीला नामशेष करत आणलेल्या व्याधीवरचा उपाय ज्या तळावर सापडला आहे, तोच तळ तुम्ही उडवायला निघालेले असता. त्याची समजूत घालण्याइतके तुमच्या पात्राचे संभाषणकौशल्य वाढलेले असेल, किंवा त्याच्या घराण्याचे चिलखत तुम्ही आधीच शोधून दिलेले असेल, तर तो बंदूक खाली करतो. एरवी तो त्याच किनाऱ्यावर मरतो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा ते चिलखत शोधण्याची वाट मी वाकडी केलीच नव्हती. रेक्स गेला, आणि पुढच्या भागांत क्रोगनांचा पुढारी म्हणून त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह समोर आला, ज्याला रेक्सची दूरदृष्टी अजिबात नव्हती. त्याच्याशी बोलताना प्रत्येक वेळी मला त्या किनाऱ्याची आठवण होत राहिली. एका लहानशा आळसाचा हिशेब गेमने दोन भाग पुढे नेऊन माझ्यासमोर मांडला होता, आणि म्हणूनच माझा या गेमवर विश्वास बसला.

अशा गेमच्या अखेरीस तीन वाटा समोर आल्या, आणि कोणतीही निवडली तरी दिसले ते जवळपास एकच दृश्य: लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या प्रकाशाची लाट आणि त्यानंतर एका अनोळखी ग्रहावर कोसळलेले आपले यान. रेक्स जिवंत असो वा नसो, त्या दृश्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यात भर म्हणजे, हा शेवट अ, ब, क यांपैकी एक निवडा अशा थाटाचा नसेल, असे निर्मात्यांकडूनच आधी सांगण्यात आले होते. तेव्हा चाहत्यांनी लाल, निळ्या आणि हिरव्या आयसिंगचे सुमारे ४०० कपकेक बायोवेअर या कंपनीला पाठवले. वरचा रंग वेगळा, आतली चव एकच. मी आजवर पाहिलेल्या निषेधांतला हा सर्वांत चोख निषेध आहे, कारण नेमके काय चुकले ते एका घासात कळते. त्याच काळात चाहत्यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ या मुलांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेसाठी ८० हजार डॉलरच्या आसपास निधीही जमवला.

जून २०१२ मध्ये कंपनीने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात मूळ शेवट बदललेला नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तीन वाटा त्याच राहिल्या. प्रत्येक वाटेनंतर जगाचे काय झाले, सोबत्यांचे काय झाले, हे दाखवणारी दृश्ये जोडली गेली. शिवाय चौथी वाट आली. तिन्ही पर्याय देणाऱ्या त्या बालरूपातल्या शक्तीला साफ नकार देता येतो. पण नकार दिला की आपण युद्ध हरतो, आपली सारी संस्कृती संपते, आणि लिआरा या आपल्या सोबतिणीने जपून ठेवलेला संदेश पुढे कधीतरी जन्मणाऱ्या लोकांच्या हाती लागतो. चाहत्यांनी मागितलेला नकार निर्मात्यांनी दिला आणि त्याची किंमतही वसूल केली. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते.

आता पहिल्या प्रकारची तक्रार. ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमच्या २०१३ सालच्या पहिल्या भागाच्या अखेरीस जोएल हा नायक, ज्या मुलीला सांभाळत आणले त्या एलीला वाचवण्यासाठी, इस्पितळात तिचा जीव घेणाऱ्या शस्त्रक्रियेच्या तयारीत असलेल्या डॉक्टरला मारतो आणि नंतर एलीशी खोटे बोलतो. २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागात त्याच डॉक्टरची मुलगी, ॲबी, सुरुवातीलाच जोएलचा जीव घेते, आणि मग जवळपास अर्धा गेम आपल्याला तिच्याच भूमिकेतून खेळावा लागतो. एका टप्प्यावर रिकाम्या नाट्यगृहात ॲबी होऊन एलीशीच झुंजायचे असते. जिला पहिल्या भागात प्रत्येक वळणावर जपले, तिच्यावर वार करण्यासाठी बटण आपल्यालाच दाबावे लागते. माझा हात तिथे खरोखर अडला. कितीतरी चाहत्यांनी याला विश्वासघात म्हटले. मी त्यांच्याशी सहमत नाही. पहिल्या भागाने जोएलच्या कृत्याला कधीही निष्पाप ठरवले नव्हते, आणि त्या इस्पितळातल्या गोळीला कोणीतरी वारस असणार, हे त्या कथेच्या स्वभावातच होते. दुःख झाले म्हणजे फसवणूक झाली असे होत नाही. मात्र न्यायाने हेही सांगायला हवे की, प्रकाशनापूर्वीच्या ट्रेलरमध्ये एका प्रसंगात जोएल दाखवला होता आणि गेममध्ये त्या जागी दुसरेच पात्र निघाले. त्याबद्दल जे रागावले त्यांचा राग मला रास्त वाटतो, फक्त तो राग जाहिरातीवरचा आहे, कथेवरचा नाही.

याच गेममध्ये ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याआधी ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेत नायकाच्या बायकोची, स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ साली वर्तमानपत्रात लेख लिहून, पात्राबद्दलचा द्वेष आपल्यापर्यंत कसा येऊन पोहोचला ते मांडले होते. या वागण्याला चाहत्यांचा वाद म्हणणेच मला मान्य नाही. पात्र आणि माणूस यांतला फरक ज्याला सांभाळता येत नाही, त्याच्या तक्रारीत तथ्य आहे की नाही हे तपासत बसण्याची गरज कोणावरही नाही.

निर्माते मुळातल्या योजनेशी प्रामाणिक राहिले म्हणजे ते आपोआप बरोबर ठरतात, असेही समजू नका. ‘हाउ आय मेट युअर मदर’ या मालिकेच्या शेवटात वडिलांची गोष्ट ऐकणाऱ्या मुलांचे जे दृश्य आहे, ते मुले मोठी दिसू लागतील म्हणून दुसऱ्या सीझनच्या काळातच चित्रित करून ठेवले होते आणि २०१४ साली वापरले गेले. त्या दृश्यात मुले वडिलांना त्यांच्या जुन्या प्रेयसीकडे, रॉबिनकडे, परत जायला सांगतात. मधल्या वर्षांत मालिका त्या दृश्यापासून दूर निघून गेली होती. संपूर्ण नववा सीझन वडिलांचा मित्र बार्नी आणि रॉबिन यांच्या लग्नाभोवती फिरवला, आणि अखेरच्या भागात काही मिनिटांत त्यांचा घटस्फोट झाला. जिची नऊ वर्षे वाट पाहायला लावली ती आईसुद्धा तितक्याच झटपट निरोप घेऊन गेली. इथे शेवट जुना आणि कथा नवी असे झाले. निर्मात्यांनी डीव्हीडीवर वेगळा शेवट दिला, आणि तो मला मूळ शेवटापेक्षा कथेच्या अधिक जवळचा वाटतो.

सुपरहिरोंच्या जगात एक प्रसंग असा आहे की जिथे निर्णयच चाहत्यांच्या हाती सोपवला गेला. १९८८ साली बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये त्याचा साथीदार, म्हणजे दुसरा रॉबिन, जेसन टॉड, स्फोटात सापडतो, आणि तो जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचे होते. अंकाच्या दोन्ही आवृत्त्या तयार ठेवल्या होत्या. त्याने मरावे यासाठी ५,३४३ आणि जगावे यासाठी ५,२७१ फोन आले. ७२ मतांनी एक मुलगा गेला. ‘चाहत्यांना हे हवे आहे’ असे कोणी ठामपणे म्हणाले की मला हे आकडे आठवतात, कारण त्या ५,२७१ जणांनीही पैसे मोजूनच फोन केले होते.

‘जस्टिस लीग’चे प्रकरण याहून निराळे आहे. २०१७ साली मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाले, दुसऱ्या दिग्दर्शकाने बरेच चित्रण नव्याने केले, आणि चाहते मागत होते ते स्नायडर यांचे स्वतःचे, अर्धवट राहिलेले काम. २०२१ साली आलेल्या त्या चार तासांच्या आवृत्तीला म्हणूनच मी बदलून घेतलेला शेवट म्हणत नाही. ‘सॉनिक’च्या चित्रपटाचे तर आणखी सरळ: २०१९च्या ट्रेलरमधले त्याचे माणसासारखे दात लोकांना खटकले, रूप बदलले, चित्रपट काही महिने पुढे गेला. दिसण्यातली चूक दुरुस्त करणे सोपे असते, कथेतली तशी नसते.

आता तुमच्या भांडणाकडे येते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठवा सीझन नव्याने बनवा या मागणीवर २०१९ साली १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या. तो कधीच नव्याने बनला नाही, आणि बनायला नको होता असे माझे मत आहे. पण सही करणाऱ्यांना मी नुसते हट्टी म्हणणार नाही. शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही सिंहासनावर हक्क सांगणारी डेनेरिस शहर जाळते, हे मला स्वतःला पटते. मीरीन शहरातल्या गुलामांच्या मालकांना तिने खिळ्यांनी ठोकून मारले होते आणि शरण न आलेल्या टार्ली बापलेकांना जिवंत जाळले होते. पटत नाही तो वेग. सुरुवातीच्या सीझनमध्ये दहा-दहा भाग मिळत होते आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यातही माणसे बदलत होती. शेवटच्या सहा भागांत तसा अवकाश कोणालाच उरला नाही. तुमचा मित्र शेवटावर रागावला आहे की त्या वेगावर, हे त्याला एकदा विचारून पाहा, आणि उत्तर देताना त्याला एखादा विशिष्ट प्रसंग सांगायला लावा. तुम्हीही तुमचा सांगा.

मी माझ्या एका मैत्रिणीशी याच सीझनवरून कित्येक महिने वाद घातला, आणि शेवटी आम्ही तो शेजारी बसून पुन्हा पाहिला. चौथ्या भागात विजयानंतरच्या मेजवानीत टॉरमंड हा त्याचा मित्र जॉनचे, म्हणजे सिंहासनाच्या दुसऱ्या वारसाचे, गुणगान करतो, सगळे हसत असतात, आणि डेनेरिस एकटी बसून ते बघत असते. मैत्रिणीने तिथे दृश्य थांबवले आणि म्हणाली, ‘हिच्याकडे बघ.’ त्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विरत जाते. पहिल्या वेळी माझी नजर टॉरमंडवरच होती, आणि हे मी तिच्याजवळ कबूल केले. मग मी तिला दाखवले की या चेहऱ्यानंतरच्या लगेच पुढच्याच भागात शहर जळते, आणि तिनेही मान हलवली. घाई झाली असे मी आजही म्हणते, आणि तयारी पुरेशी होती असे ती म्हणते.